मूठ वळायला किती मिनिटं लागली? संधिवाताच्या ॲपचा 14 महिन्यांचा अनुभव

मला आमवात आहे, 2018 पासून. आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिस, वयामुळे गुडघे झिजतात तो प्रकार नाही, ह्यात आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उठते आणि मग सूज, आग, सकाळी बोटं लाकडासारखी. हे आधी सांगते कारण गुडघेदुखीवालं कुणी हे रोजचं दुखणं नोंदवायचं ॲप घेऊन बघेल तर त्याला ह्यातलं अर्धं कामाचं वाटणार नाही. आमवात, सोरायसिसचा संधिवात, लुपस (ह्यातही प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उठते) असलं काही असेल त्यांनी मात्र सगळं वाचा, मी 14 महिने जवळपास रोज वापरलंय म्हणून एवढं लिहितेय.

आधी ॲप का घेतलं ते. आम्ही चिपळूणचे. जुलै 2021 च्या पुरात घरात पाणी आलं तेव्हा माझी सगळी फाईल गेली, रिपोर्ट, एक्सरे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, कुठलं औषध कधी सुरू झालं कधी बंद केलं ते सगळं चिखल झालं. गॅस, गाद्या, कपाट परत घेता आलं पण ती तीन वर्षं परत लिहून काढता आली नाहीत. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं की सल्फासॅलाझिन हे आमवाताचं औषध का बंद केलं होतं, अंगावर उठलं होतं की पोटाचा त्रास झाला होता, आणि मला छातीठोक सांगता येईना. तेव्हा ठरवलं की आता एकट्या कागदावर भिस्त ठेवायची नाही.

त्यानंतरही दोनअडीच वर्षं मी कालनिर्णयवरच लिहीत होते. खूप दुखलं की लाल फुली, बरं असलं की काही नाही. खरं सांगते, त्या फुल्या बऱ्याचदा एकदम चारपाच दिवसांच्या मारलेल्या असायच्या, आणि डॉक्टरकडे जायच्या आदल्या रात्री तर आठवून आठवून. मला वाटायचं आपणच आळशी. मग कळलं की ह्यावर मोठा अभ्यास झालेला आहे, 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला, त्यात जुनाट दुखणं असलेल्या 80 लोकांपैकी निम्म्यांना कागदी डायऱ्या दिल्या होत्या आणि त्या डायरीत गुपचूप एक सेन्सर बसवला होता, वही कधी उघडली ते नोंदणारा. लोकांनी भरलेल्या कागदांवरून वाटत होतं की 90 टक्के नोंदी वेळेवर झाल्यात, सेन्सरने सांगितलं 11 टक्के. आणि ज्यांच्या हातात वेळ दाखवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र दिलं होतं त्यांच्या 94 टक्के नोंदी वेळेवर. म्हणजे माणसं खोटारडी नव्हेत, दुखणाऱ्या माणसाला वही उघडणं होत नाही आणि नंतर आठवून लिहिलेलं त्या दिवसाचं राहत नाही. हे वाचल्यावर मी लेकीला म्हटलं, टाक बाई ते ॲप.

आता ॲप कसं आहे. सकाळी तुम्ही ठरवाल त्या वेळेला वाजतं. माझं सव्वासातला. पहिला प्रश्न, सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं होता. हा प्रश्न पहिला ठेवलाय त्याबद्दल बनवणाऱ्याचे मनापासून आभार, कारण आमच्या दुखण्यात हेच मुख्य असतं. झिजेच्या संधिवातात सकाळी उठल्यावर थोडा वेळ धरल्यासारखं होतं आणि हललं की सुटतं, आमवात भडकलेला असला की तास दीड तास बोटं वळतच नाहीत. मी माझी खूण ठरवली, पाच साडेपाचला उठल्यापासून उजव्या हाताची पूर्ण मूठ वळेपर्यंतचा वेळ, स्वयंपाकघरातल्या घड्याळावर. चांगल्या दिवशी 10-15 मिनिटं, वाईट दिवशी 90. आकडा स्वतः ठरवलेल्या खुणेवर घेतला की महिन्यांनीही तोच आकडा तोच अर्थ सांगतो, नाहीतर "खूप आखडलं होतं" ह्याचा जानेवारीतला अर्थ आणि ऑगस्टमधला अर्थ वेगळा होतो.

मग शरीराचं चित्र येतं, पुढून आणि मागून, जिथे दुखतंय तिथे बोट ठेवायचं. एकदा दाबलं की दुखणं, दोनदा दाबलं की सूज. हे वेगळं केलंय ते फार बरोबर. डॉक्टरांना ते वेगळंच हवं असतं, नुसतं दुखणं कामाने, झोपेने, चिंतेनेही वाढतं पण सूज आहे म्हणजे आत आग चालू आहे. सूज कशी ओळखायची हे मात्र ॲप सांगत नाही. माझं मोजमाप बांगड्यांचं. डाव्या हातातल्या काचेच्या बांगड्या मनगटावर सहज फिरल्या तर सूज नाही, रुतल्या तर आहे. आणि पायात जोडवी. जोडवी फिरेना झाली की समजायचं पायाची बोटं सुजली.

पायाचं मुद्दाम सांगते. डॉक्टर रोग किती भडकलाय ते मोजायला 28 सांधे दाबून बघतात, दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, हाताच्या बोटांचे 20 आणि दोन गुडघे. त्यात घोटे नाहीत, पायाची बोटं नाहीत. माझं तर दुखणं पायाच्या चवड्यातून सुरू झालेलं, फरशीवर पाय ठेवला की खडे टोचतायत असं. 28 सांध्यांच्या हिशोबात माझा आकडा कमी यायचा आणि मी मनात म्हणायचे मग मला चालवत का नाही. ॲपच्या चित्रात पाय आहेत. तीन महिन्यांच्या नोंदीचा एकत्र नकाशा निघतो त्यात माझे दोन्ही चवडे लालभडक आले होते आणि हात बऱ्यापैकी कोरे. तो नकाशा बघून डॉक्टरांनी चपला काढायला लावल्या, पाय दाबून बघितले, मग सोनोग्राफी करायला सांगितली आणि सूज निघाली. सात वर्षांत मी "पायही दुखतात हो" म्हणून कितीदा म्हटलं असेल, पण डॉक्टरांकडे कोल्हापूरला पोचेपर्यंत कुंभार्ली घाट, कराड, मग पुढची एसटी असं सगळं करून अंग इतकं ठेचलेलं असतं की आत गेल्यावर तोंडातून निघतं, "बरंय डॉक्टर." बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात. आपल्यालाच लाज वाटते त्यांचा वेळ घ्यायची. ॲपमधून निघणारी ही रिपोर्टची पीडीएफ माझ्या वतीने बोलली, आणि ह्या एका गोष्टीसाठी मी ॲपचे सगळे दोष पोटात घालायला तयार आहे. एक सोडून, तो खाली सांगते.

पीडीएफविषयी एवढंच की पहिल्या पानावर सगळं येईल असं सेटिंग करा. पूर्ण रिपोर्ट 19 पानी निघतो, तो कुठलाही डॉक्टर वाचणार नाही आणि वाचावा अशी अपेक्षाही करू नये. मी फक्त तीन गोष्टी ठेवते, सकाळच्या मिनिटांचा ग्राफ, सांध्यांचा नकाशा आणि औषधं चुकलेले दिवस.

औषधांवरून दुसरी गोष्ट. मी आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेते, आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री. सोमवार मंगळवार मला अगदी गळाल्यासारखं व्हायचं, मळमळ, जेवण नको, डोकं जड. मी ते कधी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं कारण मला वाटायचं सोमवारी शाळा सुरू होते, धावपळ असते म्हणून होत असेल (मी बालवाडीत शिकवते). थकव्याच्या ग्राफमध्ये दर आठवड्याला तेच दोन उंचवटे आले, सलग 11 आठवडे, मे महिन्याच्या सुट्टीतसुद्धा. तेव्हा ट्यूब पेटली की शाळेचा संबंध नाही. डॉक्टरांनी ग्राफ बघितला, मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून देतात ते फॉलिक ॲसिड कसं घेते ते विचारलं, आणि गोळीऐवजी तेच औषध इंजेक्शनने सुरू केलं, पोटावर टोचायचं बारीक सुईचं. आता मंगळवारी मी जेवते. औषधात बदल डॉक्टरांनी केला, ॲप बघून कुणीही आपणहून डोस कमीजास्त करू नका, हे हात जोडून सांगते.

आता तो दोष. औषधांच्या पानावर मोठी बटणं तीन, दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा. आठवड्यातून एकदा हा पर्याय "इतर" मध्ये आत लपलेला आहे आणि तो निवडून "सेव्ह" केलं तरी माझ्या फोनवर ते परत रोजवर गेलं. रविवारी गोळ्या घेतल्या (इंजेक्शन सुरू व्हायच्या आधीची गोष्ट), सोमवारी रात्री नऊला परत वाजलं, मेथोट्रेक्सेट 15 मिग्रॅ घ्या. मला माहीत होतं म्हणून मी घेतल्या नाहीत. पण हे औषध चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी झपाट्याने कमी होतात, माणसं दगावलेली आहेत जगभर ह्याच चुकीने. आणि हे ॲप ज्यांच्यासाठी बनवलंय त्यांच्यात हेच तर सगळ्यात जास्त घेतलं जाणारं औषध आहे! मी कंपनीला दोनदा मेल केला, एकदा छापील उत्तर आलं की तुमची सूचना टीमकडे पाठवली आहे. चार महिने झाले, अजून तसंच आहे. तोपर्यंत मी मेथोट्रेक्सेट ॲपमधून काढूनच टाकलंय आणि फोनच्या साध्या अलार्मवर दर रविवारी लावलंय, नावासकट. तुम्हीही तेच करा. आणि डबीवर मार्करने वार लिहून ठेवा, घरात दुसरं कुणी गोळ्या काढून देत असेल तर त्यालाही सांगून ठेवा.

हवामानाचं फीचर आहे, त्याच्यावर खूप जणांचा जीव असतो. पाऊस आला की सांधे दुखतात हे आमच्याकडे आजीपासून सगळे म्हणतात. मँचेस्टर विद्यापीठाने 2016-17 मध्ये असाच फोनवरचा मोठा अभ्यास केला होता, 13,000 च्या वर लोकांनी नाव नोंदवलं, शेवटी 2,658 जणांच्या रोजच्या नोंदी हिशोबात घेतल्या आणि फोनच्या ठिकाणावरून तिथलं हवामान जोडलं. निघालं असं की हवेतला दमटपणा वाढला, हवेचा दाब उतरला, वारा सुटला की दुखणं जास्त असण्याचा संभव वाढतो, अगदी वाईट हवेच्या दिवशी नेहमीपेक्षा साधारण 20 टक्क्यांनी. नुसत्या थंडीचा संबंध मात्र सापडला नाही. म्हणजे आजी अगदीच चूक नव्हती. पण हे इंग्लंडचं, तिथे एका आठवड्यात चार प्रकारची हवा होते. आमच्या चिपळुणात मृग लागला की चार महिने सगळेच दिवस ओले, भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, मग आजचा दमटपणा कालच्या दमटपणाशी काय ताडून बघणार? माझ्या ग्राफमध्ये पावसाची रेघ वर जाऊन वरच बसलेली आणि दुखण्याची रेघ आपली खालीवर होतेय. त्यात लाईट आणि नेटवर्क गेलं की हवामानाच्या जागी कोरं येतं, जोराच्या पावसात नेमकं तेच होतं. आमच्या भागात तरी हे फीचर दाखवण्यापुरतं.

पावसापेक्षा मला दुसरंच सापडलं आणि ते माझ्यासाठी मोठं होतं. गणपतीत आमच्याकडे उकडीचे मोदक, घरचे आणि पाहुणे धरून शंभराच्या वर. गरम उकड मळायची, मग प्रत्येक मोदकाच्या कळ्या पाडायच्या, सगळा भार अंगठा आणि मनगटावर. चतुर्थीच्या दिवशी मी ॲपमध्ये दुखणं 3 लिहिलंय, दहापैकी. दुसऱ्या दिवशी 4. आणि तिसऱ्या दिवशी 8, सकाळची 75 मिनिटं. मागे जाऊन बघितलं तर दिवाळीच्या फराळानंतर तेच, दिराच्या लग्नाच्या वेळी तेच, दोन दिवसांनी. मी इतकी वर्षं तिसऱ्या दिवशी दुखलं की त्या दिवशी काय खाल्लं, दही खाल्लं का, वांगं खाल्लं का ते शोधत बसायचे, सासूबाईंनी तर वांगं घरातनं बंद केलं होतं. दोन दिवस मागे बघायचं हे कुणाच्या डोक्यात येणार. आता मोदक होतात पण उकड जाऊबाई मळतात आणि मी बसून कळ्या पाडते, 21 झाले की उठते. आणि हे माझं झालं, तुमचं वेगळं निघेल, पण शोधायला दोनतीन महिन्यांच्या सलग नोंदी लागतात, पंधरा दिवसांत काही दिसत नाही.

रोजच्या कामाचे प्रश्न हा ह्या ॲपचा मला सगळ्यात खटकणारा भाग. गाडीचं दार उघडता येतं का, बरणीचं झाकण उघडता येतं का, बाथटबमध्ये उतरता येतं का. बाथटब! अहो विचारायचं तर विचारा, भाकरी थापता येते का, ओला टॉवेल पिळता येतो का, कुकरचं झाकण लागतं का, नारळ खवता येतो का, मांडी घालून बसून उठता येतं का. असं कुणी केलंच नाही असंही नाही. जगभर जी प्रश्नावली वापरतात तिची भारतीय आवृत्ती दिल्लीच्या डॉक्टरांनी तपासून 2002 मध्येच छापलेली आहे, त्यात साडी सलवार नेसण्याचा प्रश्न आहे, उकिडवं किंवा मांडी घालून बसण्याचा आहे, रिक्षात चढण्याउतरण्याचा, भाजीबाजार करण्याचा आहे. आपल्या महाराष्ट्रातही पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी 1996 मध्ये भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली ती गावातलेच स्वयंसेवक हाताशी धरून, माणसाच्या चित्रावर कुठे दुखतं ते विचारत. म्हणजे आपल्या लोकांना आपल्या भाषेत विचारायची वाट पडलेली आहे, ॲपवाल्यांनी फक्त त्या वाटेने यायचंय. सध्या मी "स्वतःचा प्रश्न जोडा" मध्ये जाऊन भाकरी, पिळणं आणि जोडवी असे तीन प्रश्न घातलेत. मराठीत टाईप केलं तर घेतं, पण पीडीएफमध्ये त्या जागी चौकोन चौकोन येतात, म्हणून मग इंग्रजी अक्षरांत भाकरी लिहिलं. डॉक्टर कोल्हापूरचेच, त्यांना कळतं.

भाषा फक्त इंग्रजी. हिंदीही नाही. आमच्या शेजारच्या काकूंना हाच आजार आहे, माझ्यापेक्षा जास्त, बोटं वाकडी झालीत. त्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, त्या रोज भजनाचे व्हिडिओ बघतात, म्हणजे फोन येत नाही असं नाही. पण हे ॲप त्यांना वापरता येत नाही. मी काही दिवस त्यांना विचारून माझ्याच फोनवर दुसरं खातं काढून भरत होते, पण मग लक्षात आलं की मी समोर असले की त्या दुखणं कमी सांगतात. "आहे गो थोडंसं." एकट्या असत्या तर खरं लिहिलं असतं. म्हणून त्यांना मी वही आखून दिलीय, सकाळचा वेळ, सूज, गोळी, तीन रकाने.

हाताला त्रास असणाऱ्यांसाठी बनवलेलं ॲप हाताला त्रास देतं हेही सांगायला हवं. दुखणं किती ते सांगायला सरकपट्टी आहे, बारीक गोळा अंगठ्याने धरून ओढायचा. वाईट दिवशी अंगठाच चालत नाही, गोळा 6 वर सोडायचा तो 8 वर जातो. शून्य ते दहा असे मोठे आकडे ठेवले असते तर नुसतं टेकवलं की झालं. बोलून नोंद करायची सोय पैसे भरणाऱ्यांनाच, वर्षाला दीड हजाराच्या आसपास. मी भरले नाहीत. दीड हजारात माझ्या दोन वेळच्या रक्ततपासण्या होतात, त्या आधी. फुकटच्या भागात ग्राफ तीन महिन्यांचाच दिसतो, पण डेटा राहतो आणि पीडीएफ काढता येते, तेवढ्यावर चालतं. दर तीन महिन्यांनी न विसरता काढून लेकीच्या मेलवर टाकायची, पुराने मला एवढं शिकवलंय.

परवानग्यांत कॉन्टॅक्ट्स मागतं, देऊ नका, न देता चालतं.

एक गोष्ट जपून. सुरुवातीला मी दिवसातून तीनदा भरायचे, सकाळ दुपार रात्र, आणि दीडएक महिन्याने असं झालं की दिवसभर डोक्यात तेच, आत्ता किती दुखतंय, 4 का 5, मनगट का कोपर. झोप कमी झाली. बरं वाटत असतानाही दुखणं शोधायला लागले. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, सकाळी एकदाच भरा, आणि चांगल्या दिवसांतही भरा, नाहीतर तुमच्याकडे फक्त वाईट दिवसांची गोष्ट जमा होईल. तेव्हापासून सकाळी दोन मिनिटं. नोटिफिकेशन एकच ठेवलंय. जे "सलग इतके दिवस भरलंत" म्हणून पदकं देतं ते बंद केलं, चुकला दिवस तर चुकला, मागचं आठवून भरत नाही.

आणि शरीरात आत काय चाललंय ते ॲपला कळत नाही हे लक्षात असू द्या. मध्ये माझे सगळे आकडे छान होते आणि रक्तात एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) वाढलेला निघाला, औषधाचा लिव्हरवर परिणाम. सकाळची मूठ 10 मिनिटांत वळत होती, ॲप हिरवंगार, पण रक्त तपासलं नसतं तर कळलंच नसतं. सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीसाठी) डॉक्टर सांगतील तेव्हा करायचंच, आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे आमवाताचं दुसरं औषध चालू असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही. ॲपमध्ये ह्याची आठवण लावता येते, ती तारीख टाकून लावावी लागते पण नीट वाजते, त्यात गडबड नाही.

पाचापैकी माझे साडेतीन. आठवड्याच्या गोळीचं दुरुस्त केलं तर चार, मराठी आणली तर पाच, त्या दिवशी मी स्वतः काकूंच्या फोनवर टाकून देईन.

येत्या शनिवारी तपासणी आहे. पहाटेच्या एसटीने निघायचंय, ह्या वेळी काकूही येतायत बरोबर, पहिल्यांदाच कोल्हापूरला दाखवायला. माझी पीडीएफ काढून झालीय, त्यांची वही पिशवीत ठेवलीय, 52 दिवस भरलेत त्यांनी, एकही दिवस न चुकता.